सामानकाकांनी दिलेला सोफा

"या वर्षी घरात एकही प्रेझेंट येणार नाही!" सामानकाकांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं, आणि सगळ्यांच्या तोंडांकडे अशा नजरेनं पाहिलं की आता टाळ्या पडायला हरकत नाही.

टाळ्या पडल्या नाहीत. सासूबाईंनी चहात बिस्किट बुडवलं आणि ते बुडूनच गेलं.

सामानकाका म्हणजे लोकांची घरं हलवणारा माणूस. ट्रक, खोकी, दोरखंड, जुन्या ब्लँकेटांचा ढीग आणि मुकादमाच्या हाताखाली चार तगडी माणसं, एवढा त्यांचा कारभार. गल्लीतल्या पोरांनी त्यांना सामानकाका म्हणायला सुरुवात केली, मग मोठी माणसं म्हणू लागली, आणि आता तर बायकोसुद्धा फोनवर "सामानकाका घरात नाहीत" असं सांगते. तर अशा माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या माळ्यांवरून काय काय उतरवलं असेल याचा विचार करा! खोकंही न फोडलेले ज्यूसर. एकाच घरात तीन-तीन सँडविच टोस्टर. ज्यांच्यावर फक्त टॉवेल वाळतात अशा व्यायामाच्या सायकली. या सगळ्यातून काकांचं एक तत्त्वज्ञान तयार झालं होतं आणि ते ऐकवल्याशिवाय काका कुणाचाही माल उतरवत नसत.

"माणसाला काही लागत नाही हो!" ते म्हणायचे. "निम्मं सामान उगाच असतं. मी उचलतो ना, मला माहीत!"

हे तत्त्वज्ञान आता घरी लागू होणार होतं. लेकीचा आठवा वाढदिवस तोंडावर आला होता. ही लेक एका जागी कधी बसत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. काकांचा बेत असा होता की पाहुण्यांनी भिंगरीसाठी काही आणायचंच नाही. त्याऐवजी गावाच्या टोकाला असलेल्या बालगृहातल्या मुलांसाठी आणायचं. चादरी, बूट, रंगपेट्या, दप्तरं, जे उपयोगाचं असेल ते. गच्चीवर पार्टी चालू असतानाच मुकादम ट्रक घेऊन येईल आणि सगळं बालगृहात पोचतं करेल.

"आहे की नाही डोकं?" काका म्हणाले.

भिंगरी मात्र चक्क एका जागी बसली होती. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"एकपण नाही?" तिनं विचारलं.

"एकपण नाही!"

तिचा खालचा ओठ जरा पुढे आला, थरथरला, आणि मग तिनं तो आत ओढून घेतला. "बरं," ती म्हणाली. "मग बाबा, तू काय देणार?"

"मी?" काका गडबडले. "अगं, मी कल्पना दिली की!"

"कल्पना म्हणजे वस्तू नाही."

"माळ्यावरचा पंखा देतो. टेबलफॅन."

"तो फिरत नाही."

"दुरुस्त होईल की!"

भिंगरी त्यांच्याकडे बघत राहिली. नवीन घरात आरसा तडकलेला निघाला की गिऱ्हाईक काकांकडे जसं बघतं, अगदी तशी. "म्हणजे मी माझी सगळी प्रेझेंटं देणार," ती सावकाश म्हणाली, "आणि तू बंद पंखा देणार."

"पोरगी बोलतेय ते खरं आहे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. सासूबाईंना जावयाच्या विरोधात कुणीही बोललं की ते खरंच वाटायचं, पण या वेळी ते खरंही होतं.

काकांच्या जिव्हारी लागलं! त्या दिवसापासून लेकीसमोर ताठ मानेनं उभं राहायचं तर काहीतरी घसघशीत द्यायला हवं, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं आणि ते घरभर हिंडू लागले. टीव्ही? बातम्या कशावर बघायच्या! कपाट? कपडे कुठे ठेवायचे! सोफा? छे छे, सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात तर त्यांच्या पाठीच्या मापाचा खळगाच पडला होता. तो खळगा पडायला वर्षं लागली होती! दुसऱ्यांच्या घरात निम्मं सामान उगाच असतं म्हणणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात उगाच असलेला एक चमचाही सापडेना. भिंगरी रोज शाळेतून आली की विचारायची, "ठरलं का, बाबा?" आणि काका रोज म्हणायचे, "ठरतंय, ठरतंय." करता करता वाढदिवस उजाडला आणि काकांचं ठरायचंच होतं.

आता थोडं काकांच्या धंद्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. काकांनी आपल्या माणसांना तीन नियम घालून दिले होते. पहिला, जे न्यायचं नाही त्यावर लाल खूण असते. घर हलवताना सगळंच जातं, राहतं ते घरमालकाचं एखादं कपाट, नाहीतर शेजाऱ्याची शिडी. मग खुणा राहणाऱ्या वस्तूंवर करायच्या, कष्ट कमी! दुसरा नियम, मालकाला काही विचारायचं नाही. विचारलं की माणूस विरघळतो, एकेक फुलदाणी हातात घेऊन बसतो आणि संध्याकाळ होते. आणि तिसरा, ज्याचा काकांना फार अभिमान होता, तो म्हणजे 'जसंच्या तसं'. सामान उचलण्याआधी मुकादम खोलीचे फोटो काढायचा आणि नव्या घरात सगळं अगदी तसंच लावून द्यायचा, कोपऱ्यातल्या चपलांसकट.

काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. बारा वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या धंद्याविषयी त्यांनी इतकं ऐकलं होतं की त्यांनी ऐकणंच सोडलं होतं. त्या औषधांच्या दुकानात काउंटरवर बसत आणि तिथं वेगळाच कायदा होता. मुदत संपलेल्या बाटलीवर लाल चिठ्ठी लागायची आणि बाटली दुकानाबाहेर जायची. त्यांच्या लेखी लाल म्हणजे बाहेर!

वाढदिवसाच्या दुपारी पाहुणे येऊ लागले. आणलेल्या वस्तू खालच्या हॉलमध्ये ठेवायच्या आणि वर गच्चीवर जायचं, असं चाललं होतं. काका फुगे तोंडानं फुगवून लालबुंद झाले होते.

"अगं, देण्याच्या वस्तूंवर काहीतरी खूण करून ठेव गं!" ते जिन्यावरून ओरडले. "आपल्या सामानात मिसळायला नकोत!"

"करते!" काकू म्हणाल्या. सजावटीतली रिबीन उरलीच होती. त्यांनी प्रत्येक गठ्ठ्यावर, प्रत्येक खोक्यावर सुबक गाठ मारली. चादरींवर, बुटांवर, रंगपेट्यांवर. काम इतकं नेटकं झालं की त्या दोन पावलं मागे जाऊन कौतुकानं बघत राहिल्या. रिबीन लाल होती, हे सांगायला नकोच.

वर गच्चीवर संगीत खुर्ची रंगात आली होती. दातांचे डॉक्टर, म्हणजे काकांचे शेजारी, चिमुरड्या मुलांना ढकलून खुर्ची पटकावत होते. सासूबाई प्लास्टिकच्या खुर्चीत बसून "माझी आरामखुर्ची वर आणली असती तर काय बिघडलं असतं?" असं येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होत्या. एवढ्यात काकांचा फोन वाजला. मुकादम.

"शेठ, आम्ही खाली आलोय. तुम्ही जरा येऊन बघता का?"

"काय बघायचंय? खुणा आहेत ना?"

"आहेत की, शेठ. लाल आहेत. पण..."

"मग पण कसला! खुणा बघा आणि कामाला लागा!"

"नाही, म्हणजे शेठ, आज जरा..."

"मालकाला विचारायचं नाही हा नियम कुणी केला?"

"तुम्हीच, शेठ."

"मग?"

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज आला. मग मुकादम भरल्या गळ्यानं म्हणाला, "शेठ, तुमच्याएवढं मोठं मन मी नाही बघितलं!"

काकांनी फोन खिशात टाकला. "बघितलंत?" ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात शिस्त! माझी माणसं एका शब्दात कामाला लागतात. इथं तुम्हाला आवाजसुद्धा यायचा नाही!"

आणि खरंच आवाज आला नाही. माणसं फार तयारीची होती.

केक कापून झाला, सँडविच संपली, आणि काकांना भाषणाची सुरसुरी आली. "चला सगळे खाली!" ते म्हणाले. "आपण सगळ्यांनी मिळून काय साधलं ते डोळ्यांनी बघा. ट्रक अजून असेल तर निरोपही देऊ!"

सगळी वरात खाली आली. काकांनी झोकात दार उघडलं.

हॉलच्या मधोमध लाल रिबिनींचा ढीग होता. चादरी, बूट, रंगपेट्या, सगळं जागच्या जागी. आणि बाकी काही नव्हतं! सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, टीपॉय नव्हतं, गालिचा नव्हता. पडदेही नव्हते. भिंतीवर फोटोंच्या जागी पांढुरके चौकोन उरले होते. स्वयंपाकघरात फ्रीजमधलं दूध, अर्धं कलिंगड आणि सहा टोमॅटो ओट्यावर ओळीनं मांडले होते. दिवे आणि छताचे पंखे तेवढे होते, कारण दिवे-पंखे घरमालकाचे धरायचे हा धंद्याचा रिवाज.

"अरे!" काका म्हणाले.

"अरे... अरे..." हॉल म्हणाला.

काकूंनी काकांचा दंड धरला आणि त्यांना भिंतीकडे ओढलं. "अहो, हे काय?"

"रिबिनी कुणी बांधल्या?"

"मी! तुम्हीच म्हणालात ना खूण कर!"

"अगं, पण लाल? लाल म्हणजे राहणार!"

"लाल म्हणजे जाणार! लहान पोरालाही कळतं!"

"माझ्या धंद्यात..."

"माझी आरामखुर्ची!" मागून सासूबाईंचा आवाज आला. त्या आवाजात जावयाविषयीची इतक्या वर्षांची सगळी मतं एकदम भरली होती.

आणि तेवढ्यात भिंगरी पुढे आली. तिनं रिकाम्या हॉलकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"बाबा," ती म्हणाली, "तू सगळं दिलंस?"

काकांनी तोंड उघडलं.

"तू रोज म्हणायचास ना, ठरतंय, ठरतंय! हे ठरत होतं?" आणि तिनं धावत येऊन त्यांच्या कमरेला अशी मिठी मारली की काकांचं उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

मग काय! टाळ्यांचा कडकडाट झाला. रिकाम्या हॉलमध्ये तो दुप्पट घुमला. कुणीतरी डोळे पुसले. दातांच्या डॉक्टरांना इतकं भरून आलं की त्यांनी अंगातला कोट काढून ढिगावर ठेवला. त्यांच्या बायकोनं तो लगेच त्यांना परत घातला, कारण गाडीची किल्ली कोटाच्या खिशात होती.

"मी बंद पंख्यावरून तुम्हाला बोलले," सासूबाई पुटपुटल्या. खुर्चीचं दुःख होतंच, पण जनाची लाजही होती. "चुकलं हो, जावईबापू." हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडले होते. एरवी काकांनी ते चौकटीत लावून ठेवले असते, पण आता चौकटीही गेल्या होत्या.

काकांनी बायकोच्या कानात सांगितलं, "बालगृहात जातो. हा ढीग देतो आणि आपलं गुपचूप घेऊन येतो."

"फ्रीज आधी," काकू ओठ न हलवता म्हणाल्या. "आधी फ्रीज!"

काकांचा छोटा टेम्पो गल्लीतच उभा होता. ढीग भरला. काका निघणार एवढ्यात भिंगरी शेजारच्या सीटवर चढून बसलीसुद्धा. "मी पण येणार. मला बघायचंय!"

वाटभर तिची बडबड चालू होती. उद्या वर्गात कुणाकुणाला सांगायचं, याचे बेत चालले होते. काका "हं, हं" करत गाडी हाकत होते. गुपचूप आणायचं म्हणजे नेमकं कसं, ते त्यांना कळत नव्हतं.

बालगृहाच्या मोठ्या खोलीत पाऊल टाकलं आणि काका जागीच थबकले. ते स्वतःच्या घरात आले होते! मुकादमानं 'जसंच्या तसं' केलं होतं. सोफा खिडकीखाली. टीव्ही समोर. टीपॉयवर परवाचा पेपर, अर्धवट सोडवलेल्या कोड्याची घडी वर करून. पडदे लागले होते. दाराशी काकांच्या चपला होत्या, डावीवर उजवी, नेहमीसारखी. आणि भिंतीवर काका-काकूंचा लग्नातला फोटो होता. सोफ्यावर मुलं कडेकडेला अंग चोरून बसली होती, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी.

"शेठ," मुकादम डोळे टिपत म्हणाला, "आज नेहमीपेक्षा जास्त काळजीनं लावलंय. एक ओरखडा सापडला तर बोला!"

काकांना बोलायचं बरंच होतं, पण भिंगरी बाजूलाच होती. ती मुलांच्यात शिरलीच. "हा माझ्या बाबांचा सोफा. डाव्या बाजूला बसू नका, स्प्रिंग टोचते. उजवीकडे बसा, तिथं बाबांनी खड्डा केलाय!"

बालगृह चालवणाऱ्या बाई पुढे आल्या. काकांनी त्यांना व्हरांड्यात बाजूला घेतलं, घसा साफ केला, आणि काही म्हणणार तोच बाईच म्हणाल्या, "भाऊ, रागावू नका हं. पण खरं सांगू का? हे आम्हाला नको."

"नको?"

"कुठे ठेवू हो? याच खोलीत मुलं अभ्यास करतात, इथंच जेवतात. तुमच्या माणसांना मी सांगत होते, पण ते म्हणाले, आम्हाला विचारायची परवानगी नाही. फ्रीज आमच्याकडे मोठा आहे. आणि भिंतीवर तुमच्या लग्नाचा फोटो... मुलं विचारतायत, हे दोघं आता इथं राहायला येणार का?"

काकांच्या अंगात एकदम हुशारी आली. "नेतो!" ते म्हणाले. "आत्ता नेतो! काही काळजी करू नका! तुम्हाला हवं ते टेम्पोत आहे, चादरी, बूट..."

"बाबा?"

मागे भिंगरी उभी होती. हातात लाल रिबिनीची रंगपेटी होती. "त्यांना नकोय? बाबा, तू दिलेलं... कुण्णालाच नकोय?"

तिचा खालचा ओठ पुढे आला होता. या वेळी ती तो आत ओढत नव्हती.

काकांनी त्या ओठाकडे पाहिलं. पोरीनं सगळ्या वर्गासमोर उद्या काय सांगायचं? बापानं दिलं ते परत पाठवलं? आणि मग, बालगृहात फ्रीज परत न्यायला आलेल्या या माणसाच्या तोंडून शब्द बाहेर पडले, "बाई, निदान सोफा तरी ठेवा!"

"अहो, जागाच नाही."

"जागा मी करून देतो! माझा धंदाच तो आहे! मुकादम! ते टेबल उचला, भिंतीला आडवं लावा. पुस्तकांचं कपाट तिकडे. हां! बघा, बाई! मधे नाचायलासुद्धा जागा राहिली!"

"पण स्प्रिंग टोचते म्हणे."

"उद्या माणूस पाठवतो! नवी स्प्रिंग घालून देतो!"

"रंगही जरा..."

"खोळ शिवून देतो! तुम्ही रंग सांगा!" काका अक्षरशः हात जोडून उभे होते. असा सौदा त्यांनी आयुष्यात केला नव्हता. "पुस्तकं वाचायला कोपरा होईल, बाई. उजवीकडे बसून बघा. पाठीला इतकं बरं वाटतं..." इथं त्यांचा आवाज जरा कापला.

बाईंनी खोलीकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं, आणि काय समजायचं ते त्या समजल्या. "बरं," त्या म्हणाल्या. "सोफा ठेवते. आणि खरं सांगायचं तर ती आरामखुर्ची मला मघाशीच फार आवडली. माझी कंबर धरते हो."

ती खुर्ची! फोडणीचा वास येईल म्हणून जी स्वयंपाकघराच्या दाराजवळसुद्धा नेता येत नसे, ती! त्यांनी भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी त्यांच्याकडेच बघत होती.

"ठेवा," काका म्हणाले.

बाकी सगळं परत ट्रकमध्ये भरायचं ठरलं. "शेठ," मुकादम डोकं खाजवत म्हणाला, "आता खुणा कसल्या बघायच्या?"

"कसल्याच नाही! आज विचारा! एकेक वस्तू दाखवून विचारा!"

मुकादम आज्ञाधारक माणूस. "चमचा, शेठ?" "न्या." "दुसरा चमचा, शेठ?" असं करत करत तासाभराचं काम दिवेलागणीपर्यंत चाललं. शेवटी ट्रक पुढे निघाला आणि मागून टेम्पो. भिंगरी पाय हलवत बाहेर बघत होती.

"बाबा," ती म्हणाली, "ते सगळं चुकून गेलं होतं ना?"

काकांनी गाडीचा वेग कमी केला. खोटं बोलायला एक-दोन वाक्यं जुळवून पाहिली. "हो," ते म्हणाले.

"मला वाटलंच. आई भिंतीपाशी तुला रागावत होती." तिनं हलणारे पाय थांबवले. "पण सोफा ठेवा, हे तू चुकून नाही म्हणालास."

"नाही. ते मुद्दाम म्हणालो."

भिंगरीनं मान डोलावली. तिचा हिशेब जुळल्यासारखा दिसला. मग तिनं बापाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. "तुला वाईट वाटतंय?"

"वाटतंय गं," काका म्हणाले. पाठ आतापासूनच दुखायला लागली होती. "तू प्रेझेंटं सोडायला 'बरं' म्हणालीस, तेव्हा तुलाही वाटलं होतं?"

"खूप."

"मग थोड्या दिवसांनी कमी होतं ना?"

"माहीत नाही," भिंगरी म्हणाली. "मला अजून वाटतंय."